सिबिलच्या आकड्याखालची खतावणी

मृग लागायच्या सुमारास नाशिक जिल्ह्यात एक वाद दरवर्षी ठरल्यासारखा उगवतो. खरिपासाठी पीककर्ज मागायला गेलेल्या शेतकऱ्याला बँक ‘सिबिल’ विचारते, संघटना तहसीलवर निवेदने नेतात आणि मुंबईत मंत्री बँकांना तंबी देतात. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, घातलीत तर गुन्हे दाखल होतील, असे बजावले होते. असा इशारा त्याआधीही दिला गेला होता, आणि तोच पुन्हा द्यावा लागतो यातच त्याचा परिणाम किती होतो ते कळते. या भांडणात दोन्ही बाजू तीन आकडी स्कोअरभोवती फिरत राहतात. हा आकडा म्हणजे निकाल. तो ज्या पुराव्यावर लागला तो पुरावा, म्हणजे पतअहवाल, क्वचितच कुणी उघडून पाहतो. आकड्याशी भांडता येत नाही, तो सूत्रातून बाहेर पडतो. अहवालातल्या एकेका नोंदीशी मात्र कायद्याचा आधार घेऊन भांडता येते आणि त्यासाठी दमडी लागत नाही. म्हणून कर्जदाराने स्कोअर कसा वाढवायचा याच्या मागे लागण्याआधी अहवाल वाचायला शिकावे, असे माझे म्हणणे आहे. हे शेतकऱ्याला जितके लागू, तितकेच नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला आणि मेन रोडवरच्या दुकानदारालाही.

ही व्यवस्था फार जुनी नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी कार्यगटाने १९९९ मध्ये शिफारस केली आणि २००० मध्ये मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो, अर्थात सिबिल, स्थापन झाली. कायदा नंतर आला: पतमाहिती कंपन्यांचा नियमन कायदा २००५ चा, अंमल डिसेंबर २००६ पासून. आज रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलण्यात सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हटले जाते. व्यवहारात याचा तोटा असा की एका कंपनीचा अहवाल पाहून माणूस निर्धास्त होतो आणि बँक दुसऱ्याच कंपनीचा अहवाल काढते. आदित्य पुरी समितीच्या शिफारशीनंतर, २०१५ पासून, प्रत्येक कर्जदात्या संस्थेला चारही कंपन्यांचे सभासद होणे बंधनकारक झाले. म्हणजे माहिती चारही ठिकाणी जाते, पण ती एकसारखीच उतरते याची हमी नाही, आणि प्रत्येकीचे सूत्र वेगळे. म्हणून एकाच माणसाचे स्कोअर एकाच दिवशी चाळीस-पन्नास गुणांनी वेगळे दिसले तर दचकू नये. फरक सूत्रामुळे आहे की एखाद्या अहवालात भलते कर्ज घुसल्यामुळे, एवढेच पाहायचे.

स्कोअर कशावर ठरत नाही हे आधी सांगितलेले बरे, कारण गैरसमज तिथेच जास्त. पगार किती, मुदतठेवी किती, सातबाऱ्यावर क्षेत्र किती, घरात सोने किती, यातले काहीही स्कोअर ठरवत नाही. दहा एकर बागायत असलेला निफाडचा द्राक्षबागायतदार आणि महिना अठरा हजारांवर काम करणारा ठेकेदाराकडचा कामगार, दोघांची पत मुख्यतः एकाच गोष्टीवर मोजली जाते: घेतलेले पैसे ठरल्या दिवशी परत केले का. ३०० ते ९०० या पट्टीवरचा आकडा हा या सवयीचा अंदाज आहे. त्याला सांपत्तिक स्थितीचा दाखला समजून बड्या शेतकऱ्याने ‘माझ्यासारख्याला कर्ज नाकारतात म्हणजे काय’ असा राग धरला, तर तो राग चुकीच्या पत्त्यावर जातो.

आता अहवाल उघडू. वर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. मग एकेका कर्जखात्याचा चौकोन. शेवटी कुणीकुणी आणि कधी तुमचा अहवाल मागवला त्याची यादी. खात्याच्या चौकोनात कर्जाचा प्रकार, मंजूर रक्कम, बाकी, थकीत रक्कम, खाते उघडल्याची व बंद झाल्याची तारीख आणि मालकीचा प्रकार: वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार. खाली छत्तीस महिन्यांची जाळी, प्रत्येक घरात तीन अक्षरे किंवा आकडे. तिथे ००० असेल तर त्या महिन्यात काही थकले नव्हते. ०३० असेल तर हप्ता तीस दिवस मागे होता. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. समजा, अंबडच्या कारखान्यातल्या एका कामगाराने दिवाळीत वीस हजारांचा मोबाइल हप्त्यावर घेतला. दहा हप्ते सुरळीत गेले आणि शेवटच्या महिन्यात पगार दोन दिवस उशिरा झाल्याने हप्ता बाउन्स झाला. त्याने दुकानात जाऊन हप्ता रोख भरला. बाउन्सचा दंड राहून गेला आणि कर्ज फिटले अशी त्याची समजूत झाली. कंपनीच्या खात्यात मात्र पाचशे-सहाशे रुपये येणे राहिले. जाळीत ०३०, मग ०६०, मग ०९०. दोन वर्षांनी तो घरासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा बँकेला वीस हजारांचा मोबाइल दिसत नाही, नव्वद दिवस थकलेला माणूस दिसतो. पाचशे रुपयांचा दंड आणि पाच लाखांचा बुडवलेला हप्ता यांत जाळीतल्या त्या घराला फरक करता येत नाही. रक्कम शेजारच्या रकान्यात असते आणि घाईतला अधिकारी तिथवर जाईलच असे नाही.

‘वेळेवर पैसे भरले की झाले, अहवाल कशाला वाचायचा’ असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर. दुसरे उत्तर आपल्या नावांत दडलेले आहे. मराठी माणूस कागदावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितो. बँकेच्या जुन्या खात्यात आडनाव आधी येते. पॅनवर वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत असते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच गावात, एकाच भाऊबंदकीत, एकाच नावाआडनावाची दोन-तीन माणसे सहज निघतात आणि पत्ता सगळ्यांचा एकच: मुक्काम पोस्ट अमुक, तालुका दिंडोरी. जुन्या कर्जात पॅन नसेल तर एकाचे खाते दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसणे काही अवघड नाही. बायकांचे याहून वेगळे होते. माहेरच्या नावाने घेतलेले शैक्षणिक कर्ज आणि सासरच्या नावाने घेतलेले दुचाकीचे कर्ज दोन वेगळ्या व्यक्तींची समजली गेली, तर नीट फेडलेल्या कर्जाचे श्रेय तिला मिळतच नाही. या चुकांत कर्जदाराचा दोष काही नसतो आणि वेळेवर हप्ता भरून त्या सुधारतही नाहीत. त्या वाचूनच सापडतात.

तिसरे उत्तर जामीनकीचे. सहकारी बँकांच्या मुलखात जामीन राहणे हा सामाजिक व्यवहार आहे. मेव्हण्याने, सहकाऱ्याने, सोसायटीच्या चेअरमनने सांगितले की सही होते, आणि सही केलेला महिनाभरात ती विसरतो. कायदा विसरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतअहवालात ते कर्ज ‘जामीनदार’ या शिक्क्यासह तुमच्या नावावर दिसते, कर्जदाराने हप्ते थकवले की तुमच्याही अहवालात ते दिसते आणि तुमची फेडण्याची क्षमता मोजताना बँक ते धरते. यावर ‘मी पैसे घेतलेच नाहीत’ हा बचाव चालत नाही, कारण नोंद खरी आहे. इथे अहवाल वाचण्याचा उपयोग दुरुस्तीसाठी नसून जागे होण्यासाठी आहे: वसुलीची नोटीस येण्याआधी, पहिल्या ०३० ला, मेव्हण्याला फोन करता येतो.

कर्जमाफीचे प्रकरण याहून नाजूक. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतीराव फुले योजना, अशा तीन माफ्या नाशिकच्या शेतकऱ्याने पाहिल्या. माफी झाली की कर्ज संपले, ही समजूत सातबाऱ्यापुरती ठीक. अहवालात खाते कोणत्या शब्दाने बंद झाले याला महत्त्व आहे. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेड. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने कर्ज बुडीत धरले. एकरकमी परतफेड योजनेचे पत्र हातात घेताना शेतकरी वाचलेल्या रकमेकडे पाहतो आणि पुढचा कर्जदाता त्या ‘सेटल्ड’ शब्दाकडे. कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षे ठेवावीच लागते. सरकारने बँकेला पूर्ण पैसे दिले असतील तर खाते ‘क्लोज्ड’ दिसायला हवे. ते ‘सेटल्ड’ किंवा अजून थकीत दिसत असेल, तर तो वादाचा मुद्दा आहे आणि बेबाकी (येणे नसल्याचा) दाखला हा त्यातला पुरावा. माफी जाहीर होण्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत जे महिने गेले, ते थकबाकीचेच महिने म्हणून नोंदले जातात. घोषणा करणाऱ्यांनी याचा हिशेब कधी केला असेल, असे वाटत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हे यंत्र महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यासाठी बनले आहे, शेतीला ते लावणेच अन्याय आहे, असे शेतकरी संघटना म्हणतात. यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्याच नियमांत शेतीकर्जाची घडी वेगळी आहे: अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकल्यावर अनुत्पादक ठरते, इतर कर्जांसारखी नव्वद दिवसांची सुरी तिथे नाही. पण अहवालातली जाळी दिवसच मोजते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत जातो आणि भाव येईल तसा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात उतरतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती ४ मे २०२४ ला उठवली. मधल्या काळात मार्चअखेर आली. त्या मार्चमध्ये ज्याला पीककर्जाचे नवे-जुने (जुने फेडून नवे घेणे) करता आले नाही, त्याच्या जाळीत उशिराचे दिवस पडले. ते का पडले हे जाळीला विचारता येत नाही. गारपीट किंवा दुष्काळ जाहीर होऊन कर्जाचे पुनर्गठन झाले, तर ‘नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठन’ अशी वेगळी नोंद करण्याची सोय आहे. सरकारी निर्णयाने भाव पडला तर तशी सोय नाही. मागणीच करायची तर या नोंदीची करावी. ‘सिबिल मागू नका’ या मागणीपेक्षा ती बारीक आहे, पण जास्त नेमकी आहे. बँकेला तोंडी दम दिल्याने अधिकारी अहवाल बघायचा थांबत नाही. फार तर कारण लिहायचा थांबतो आणि ‘कागदपत्रे अपुरी’ म्हणून अर्ज परत येतो.

महाराष्ट्राने हा वाद एकदा आधीही घातला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या जाळल्या. दंगा पुणे-नगर भागात पसरला. चौकशी आयोगाला आढळले की लोकांचा रोख कागदांवर होता. सावकाराने ते हवाली केले तिथे मारहाण फारशी झाली नाही. अक्षरशत्रू कुणब्याच्या नावावर वहीत काय चढते हे त्याला कळायचा मार्गच नव्हता, तेव्हा जाळणे हा त्याच्या परीने वाद मिटवण्याचा मार्ग होता. त्यानंतरचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९ चा, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्याच्या इतर तरतुदींची चर्चा खूप होते, पण कलमांचा एक गट दुर्लक्षित राहतो: पैसे भरल्यावर लेखी पावती, वर्षातून एकदा खात्याचा उतारा आणि मागितल्यास पासबुकात नोंद, हे शेतकरी ऋणकोचे हक्क ठरले. वही सावकाराचीच राहिली, ती पाहण्याचा हक्क मात्र ऋणकोला मिळाला. २००५ च्या कायद्याचे कलम २१ याच जातीचे आहे. तुमचा अहवाल तुम्हाला मिळालाच पाहिजे आणि त्यातली चूक दाखवली तर ती तपासलीच पाहिजे. हा हक्क न वापरता वही जाळा म्हणणे म्हणजे १८७९ सोडून १८७५ कडे परत जाणे होय.

हक्क वापरायचा कसा? १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसह फुकट द्यायचा आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार अहवाल. ते एकदम न काढता तीन-तीन महिन्यांनी एकेक काढले तर वर्षभर नजर राहते. कंपनीच्याच संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी देऊन तो मिळतो. पैसे भरण्याच्या ॲपवर मिळणारा फुकट स्कोअर वाईट नाही, पण तिथे ‘सहमत’ म्हणताना आपली माहिती कर्ज विकणाऱ्यांच्या हाती देण्याची परवानगीही बहुधा त्यातच असते. मग दिवसाला तीन फोन येतात. स्वतः अहवाल पाहिल्याने स्कोअर घटतो, ही भीती निराधार आहे. घटतो तो कर्जासाठी थोड्या दिवसांत पाच-सात ठिकाणी अर्ज केल्याने, कारण प्रत्येक संस्था अहवाल मागवते आणि त्या चौकश्या नोंदल्या जातात. सगळ्यांत कमी व्याज कोण देते हे पाहायला एजंटाच्या हातात पॅन देऊन बसणारे हे नुकसान नकळत करून घेतात.

चूक सापडली तर त्याच संकेतस्थळावर खातेनिहाय तक्रार करायची. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पूर्वी हे प्रकरण महिनोन्‌महिने लोंबकळत राही. २६ ऑक्टोबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने, जे सहा महिन्यांनी लागू झाले, तक्रार तीस दिवसांत निकाली न निघाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली. तीसपैकी पहिले एकवीस दिवस बँकेचे. तिने वेळेत दुरुस्त माहिती दिली नाही तर भरपाई तिच्या माथी, दिली आणि तरी काम अडले तर पतमाहिती कंपनीच्या. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत आल्या आहेत आणि त्या तक्रारीला शुल्क नाही. जानेवारी २०२५ मध्ये माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला पाठवण्याचा नियम आला, त्यामुळे दुरुस्तीही लवकर उमटायला हवी. एवढे सगळे फुकट असताना ‘सिबिल क्लिअर करून देतो’ अशा पाट्या लावणारे पाच-दहा हजार कशाचे घेतात? त्यांच्याकडे तुमच्याकडे नाही असा एकही अधिकार नसतो. खरी थकबाकी ते पुसू शकत नाहीत, आणि खोटी थकबाकी तुम्ही स्वतः काढू शकता.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याने घरकर्जाचे गणित करून पाहावे. अनेक बँका आता स्कोअरच्या टप्प्यानुसार व्याजदर ठरवतात. तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांऐवजी नऊ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता महिन्याला सुमारे साडेनऊशे रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत ते दोन लाख तीस हजारांच्या घरात जाते. मोबाइलच्या त्या पाचशे रुपयांच्या दंडाची ही किंमत.

राहिले ते, ज्यांचा अहवालच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत स्पष्ट केले की रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कुठलाही किमान स्कोअर ठरवलेला नाही आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ पूर्वइतिहास नाही म्हणून नाकारू नये. नाशिकसारख्या जिल्ह्यात या वर्गातले अनेकजण खरे तर नवखे नसतातच. भाजी बाजारातला व्यापारी वीस वर्षे पतसंस्थेचे दैनंदिन कर्ज फेडत आलेला असतो. पण पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची, बँक नव्हे, आणि पतमाहिती कायद्याच्या व्याख्येत ती सरळ बसत नाही. विकास सोसायटीचेही तेच: पैसे जिल्हा बँकेचे, पण सभासदाला कर्ज देणारी सोसायटी, आणि प्राथमिक सोसायटी म्हणजे बँक नव्हे. त्यामुळे सोसायटीचे नियमित नवे-जुने करणाऱ्याची ती शिस्त अहवालात उतरलेली असेलच असे धरून चालता येत नाही. अशा माणसाने राष्ट्रीयीकृत बँकेत जाताना अहवालाच्या कोऱ्या पानासोबत पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा पाच वर्षांचा खातेउतारा, सही-शिक्क्यासह, जोडावा. तो पाहणे बँकेवर बंधनकारक नाही. पण कर्ज नाकारलेच तर कारण लेखी मागावे, आणि ‘इतिहास नाही’ असे कारण आले तर ते पत्र जपून ठेवावे. लोकपालाकडे जाताना तेच लागते.